झडपेपायी एक दाढ

माझी दाढ दुखत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या काराकोल गावात आजही अशी मंडळी आहेत की ज्यांच्या मते तिलेक, म्हणजे मी, दाढदुखीनं वेडापिसा झाला आणि त्या भरात त्यानं जिवंत मेंढा चार मजले वर चढवायला घेतला. मेंढ्याचं खरं आहे. दाढेचं साफ खोटं. ती बिचारी खालच्या जबड्यात डावीकडे, शेवटून दुसरी, अर्धी किडलेली पण अत्यंत शांत स्वभावाची होती. माझं तिचं बरं चाललं होतं. बिघाड होता तो हृदयात, आणि तेही दुखत नव्हतंच. गळत होतं.

हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे एक झडप असते. रक्त पुढे गेलं की तिनं दार लावून घ्यायचं, एवढंच तिचं काम. माझी झडप दार लावते, पण आमच्या इमारतीच्या दारासारखं. लावल्यासारखं दिसतं आणि फटीतून वारा येतच राहतो. अठराव्या वर्षी सैन्यभरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली, भुवया वर केल्या, आणखी दोन डॉक्टरांना बोलावून ऐकवलं आणि मला घरी पाठवून दिलं.

आमच्या इमारतीत त्या आवाजावर एकाही माणसाचा विश्वास बसला नाही; सगळ्यांना वाटलं, सैन्य टाळायला मी कुणाकडून तरी खोटं कारण लिहून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सोनुन एजे (एजे म्हणजे आपली ताई, पण ही सगळ्या इमारतीची ताई) मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "कुणाकडून करून घेतलंस रे?"

"करून घेतलं नाही एजे. आहे."

"असू दे, असू दे. मला नको सांगूस. फक्त आमच्या भाच्यासाठी त्या माणसाचं नाव तेवढं देऊन ठेव."

मी नाव दिलं नाही, म्हणून मी स्वार्थी ठरलो. पण हुशारही ठरलो. इमारतीत माझी इज्जत तेव्हापासून आहे.

आईला, म्हणजे मी जिला आपा म्हणतो तिला, मी सांगितलं की डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर कमी होईल. डॉक्टर 'वयाबरोबर वाढेल' असं म्हणाले होते. मी एकच शब्द बदलला. आठ वर्षांत त्या एका शब्दानं मला किती पळवलं, ते आता ऐका.

गळक्या झडपेच्या माणसाचा स्वभाव संशयी होतो. दुसऱ्या माणसाला धडधडलं तर तो विचारतो, समोर कोण आलं? मी विचारतो, आत काय झालं? बोट कायम मनगटावर. तरणाताठा मी, वय वर्षं सव्वीस, जमीन नोंदणीच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर बसतो. पण गेल्या हिवाळ्यापासून घरचे चार मजले मला चढवेनात. मग युक्ती काढली. दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी सोडून बांधायची, तिसऱ्यावर फोन काढून बघत उभं राहायचं. तिसऱ्यावर उभं राहायला जागा एकच, सोनुन एजेंच्या दारासमोर.

महिनाभरानं एजेंनी आपाला विचारलं, "बुरुल, तुझा मुलगा रोज माझ्या दाराला कान लावून काय ऐकतो गं?"

त्या आतून कान लावून ऐकत होत्या म्हणून तर त्यांना कळलं! पण हा मुद्दा कुणी विचारात घेतला नाही.

जूनमध्ये मी कार्यालयीन प्रशिक्षण आहे असं सांगून बिश्केकला गेलो. तिथल्या मोठ्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरीणबाई फार मोजकं बोलतात. पडद्यावर माझं हृदय बघत त्या म्हणाल्या, "हिवाळ्याच्या आत करायला हवं. अजून दुरुस्त होण्यासारखी आहे. उशीर केलास तर दुरुस्ती नाही, बदलावी लागेल." आणि अकरा कागदांची यादी हातात ठेवली. पंधरा सप्टेंबरच्या आत सगळी आली तर नाव रांगेत. रक्त, लघवी, कावीळ, छातीचा फोटो वगैरे. नववा कागद होता: तोंडात किडका दात नसल्याचा दाखला.

"दातांचा हृदयाशी काय संबंध?" मी हसून विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "किडक्या दातातले जंतू रक्तातून थेट झडपेवर जाऊन बसतात. आम्ही झडप शिवायची आणि तुझ्या दाढेनं ती खायची, असं नको."

त्या क्षणापासून मी माझ्या दाढेकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. इतकी वर्षं शेजारी राहून हिनं एकदाही हूं की चूं केलं नव्हतं, ते उगीच नव्हतं तर!

तरी मला वाटलं, अकरातला हा सगळ्यात किरकोळ कागद. दहा कागद पाच आठवड्यांत गोळा झाले. आणि एका मंगळवारी सकाळी मी आमच्या सरकारी दवाखान्यात, खोली क्रमांक चौदामध्ये, दातांच्या डॉक्टर जिपार यांच्या खुर्चीत जाऊन तोंड उघडून बसलो.

जिपारबाई पन्नाशीच्या, मनगटं पैलवानासारखी. त्यांनी आरसा घातला, दाढ पाहिली, इंजेक्शन भरलं आणि सहज विचारलं, "दुसरा काही आजार?"

"हृदयाची झडप."

बाईंनी इंजेक्शन ताटलीत ठेवलं. मग ताटली कपाटात ठेवली. मग कपाटाला कुलूप लावलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "आधी हृदयवाल्याचं पत्र आण, की दाढ काढली तर चालेल म्हणून. मागे एक जण असाच गोड बोलून बसला आणि माझ्या खुर्चीत आडवा झाला."

हृदयवाले डॉक्टर मेदेत त्याच मजल्यावर, खोली क्रमांक सतरा. मी मोजलं, बारा पावलं. मेदेत बारीक, चष्मेवाले, आवाज इतका हळू की त्यांना दोनदा विचारावं लागतं. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पत्र देईन. पण तोंडात जंतू असताना हृदय ठीक आहे असं मी कसं लिहू? आधी तोंड स्वच्छ असल्याचा दाखला आण."

"तोंड स्वच्छ व्हायला दाढ काढावी लागेल, डॉक्टर."

"बरोबर."

"दाढ काढायला तुमचं पत्र लागतं."

"बरोबर."

"मग?"

"मग दाखला आण."

मी संतापायला हवं होतं. पण खरं सांगू? मी ओशाळलो. माझ्या तीन नंबरच्या खिडकीवर रोज दहा माणसं येतात आणि मी त्यांना सांगतो, मोजणीच्या नकाशाशिवाय नोंद नाही आणि नोंदीशिवाय मोजणी नाही. म्हातारी माणसं खिडकीची कड धरून उभी राहतात आणि "मग?" म्हणतात. हा "मग" मी सहा वर्षं ऐकत होतो. तो आतून कसा लागतो ते त्या दिवशी कळलं.

त्या आठवड्यात मी चौदा ते सतरा आणि सतरा ते चौदा अशा सात फेऱ्या मारल्या. शेवटी दवाखान्यात पुसायला येणाऱ्या बाईनं मला पाय उचलायला सांगता सांगता खरी गोष्ट सांगितली. नऊ वर्षांपूर्वी जो माणूस जिपारबाईंच्या खुर्चीत आडवा झाला, तो दहा मिनिटांत उठून घरी गेला आणि अजून ठणठणीत आहे. पण चौकशी बसली. मेदेत म्हणाले, इंजेक्शन चुकलं. जिपारबाई म्हणाल्या, यांनी हृदय नीट तपासलं नव्हतं. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. जे काही बोलायचं ते रोग्याच्या हातून, लेखी.

आता इथे शहाण्या माणसानं घरी सांगितलं असतं. मी शहाणपणाला फाटा देऊन तळमजल्यावरच्या ओरोझ बाइकेंकडे गेलो. ओरोझ बाइके (बाइके म्हणजे आपला दादा) जनावरांचे निवृत्त डॉक्टर. त्यांना आडवळणानं विचारलं, "बाइके, एखाद्याला हृदयाचा त्रास असेल आणि दाढ काढायची असेल तर?"

"घोडा का?"

"समजा घोडा."

"मी चाळीस वर्षं घोड्यांच्या दाढा काढल्या. एकाही घोड्यानं हृदयाची तक्रार केली नाही."

"पण असली तर?"

"अरे, त्याला सांगायचंच नाही की तुला हृदय आहे म्हणून! घोडा निम्मा मरतो तो ऐकून." त्यांनी माझ्या गालाकडे रोखून पाहिलं. "तोंड उघड बघू."

मी तोंड घट्ट मिटून घरी आलो, पण सल्ला डोक्यात राहिला. सांगायचंच नाही! बाजारापलीकडे एक खाजगी दातवाला नवीन आला होता, मला ओळखत नव्हता. गेलो. "काही आजार?" "छे!" मी म्हणालो, इतक्या जोरात की त्यानं मान वर केली. त्यानं माझ्या गळ्यात निळं प्लास्टिकचं फडकं बांधलं, इंजेक्शन हातात घेतलं. आणि मग माझाच माझ्यावर संशय सुरू झाला. आत धडधडतंय ते भीतीनं की झडपेनं? जंतू आत्ता निघाले असतील का? बिश्केकच्या बाई म्हणाल्या होत्या, दाढ काढण्याआधी तासभर औषध घ्यावं लागतं. ते कुठे घेतलंय? सुई ओठापाशी आली आणि मी ओरडलो, "मला झडप आहे!"

"कुठे?" तो दचकून मागे सरला.

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. बाजारातून, कलिंगडांच्या ढिगामधून, माणसं बाजूला होऊन बघताहेत हे बघत, ताठ मानेनं चालत आलो. आमच्या दारात सोनुन एजे भाजी निवडत होत्या. त्यांची नजर माझ्या गळ्यावर खिळली तेव्हा कळलं की फडकं अजून गळ्यातच आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी इमारतीत ठरलं की तिलेक सोन्याचा दात बसवून घेतोय.

आणि सोन्याचा दात माणूस कशासाठी बसवतो? आपाचा संशय आधीपासून होताच. मुलगा दिवसातून चार वेळा दात घासतो. फोन घेऊन सज्जात जातो. बिश्केकला जाऊन येतो आणि प्रशिक्षणात काय शिकलास विचारलं तर गोरामोरा होतो. कुठलीही आई काय समजेल? त्यात तिनं माझं जाकीट धुवायला घेतलं आणि खिशात ती यादी सापडली. यादीचा वरचा भाग, जिथे शस्त्रक्रिया विभाग असं लिहिलं होतं, तो मी हुशारीनं फाडून टाकला होता. माझ्या हुशारीनं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं झडपेनंही केलेलं नाही.

आपानं कागद सोनुन एजेंना दाखवला. एजेंनी चष्मा लावून वाचलं. "रक्त, कावीळ, छातीचा फोटो... अगं बुरुल, हे तर लग्नाआधीच्या तपासणीचे कागद! आमच्या भाच्याच्या वेळी मुलीकडच्यांनी हेच मागितले होते."

"दातांचा पण?"

"दातांचा नव्हता." एजेंनी विचार केला. "म्हणजे मुलीकडचे फारच बारीक बघणारे दिसतात. जपून हो."

हे सगळं मला मागाहून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की घरात रजया शिवल्या जाताहेत. सोनुन एजे आणि आपा जमिनीवर लोकर पसरून काठ्यांनी झोडपत होत्या आणि मी आत गेलो की गप्प होत होत्या. जेवताना आपा एकदम म्हणायची, "माणसानं घरच्यांना सांगितलेलं बरं असतं."

मला वाटायचं, हिला कळलं! मी घाईघाईनं म्हणायचो, "सांगेन की आपा. वेळ आली की."

"वेळ येऊन गेल्यावर सांगू नकोस म्हणजे झालं. आम्ही काही परके नाही. आहे तशी स्वीकारू."

आहे तशी म्हणजे झडप, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले. आपानं ते पाहिलं आणि तिची खात्रीच पटली.

माझे वडील उन्हाळाभर वर कुरणात मेंढ्यांमागे असतात. तिथे फोन लागत नाही. आपानं मालमोटारवाल्याबरोबर निरोप धाडला: 'तिलेकचं जमतंय, तयारीत राहा.' वडील कमी बोलणारे. त्यांनी उत्तर पाठवलं नाही, मेंढा पाठवला.

सप्टेंबरची सहा तारीख, दुपार. मी कचेरीतून आलो तर दारात मालमोटार आणि मोटारीतून उतरवलेला, काळ्या तोंडाचा, माझ्याहून धष्टपुष्ट एक मेंढा. आपा चौथ्या मजल्याच्या सज्जातून ओरडली, "वर घेऊन ये त्याला! अंगणात ठेवला तर कुत्री सोडायची नाहीत!"

"सज्जात मेंढा ठेवणार?"

"तुझ्यासाठीच आहे, आण!"

नाही म्हणायला कारण द्यावं लागतं आणि कारण तर आठ वर्षं दाबून ठेवलेलं. मी दोरी हाताला गुंडाळली. पहिल्या मजल्यापर्यंत मेंढ्यानं मला ओढलं. दुसऱ्यावर मी नाडी बांधायला वाकलो, त्यानं मागून ढुशी दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे त्यानं चारी पाय रोवले आणि मी ओढू लागलो. छातीत कुणीतरी ओली चादर पिळतंय असं वाटलं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा समोरच्या भिंतीचा हिरवा रंग हळूहळू काळा होत होता. मी एजेंच्या दाराला पाठ टेकली आणि खाली घसरलो. दोरी हातातच. मेंढा माझ्या तोंडाशी तोंड आणून बघत उभा राहिला.

दार आतून लगेच उघडलं, कारण एजे अर्थातच दारामागे होत्या. मी पाठीमागे त्यांच्या पायांवर कोसळलो.

"अगं बाई! याचे ओठ निळे झालेत! तिलेक! काय प्यायलास?"

"काही... नाही..."

"ती मुलगी नाही म्हणाली का? म्हणून काही खाल्लंस? बोल!"

"मुलगी नाही हो एजे," मी श्वास गोळा करत म्हणालो. "ऑपरेशन आहे. हृदयाचं. झडपेचं. बिश्केकला. तुम्ही आपाला..."

'सांगू नका' म्हणायचं राहून गेलं. आपा जिन्यात वर उभी होती. हात पिठानं माखलेले. किती वेळ उभी होती कोण जाणे.

ती सावकाश खाली आली. माझ्याजवळ पायरीवर बसली. तिनं पहिल्यांदा मेंढ्याच्या दोरीचा वेढा माझ्या मनगटावरून सोडवला, कारण तिथे वळ उठला होता. मग म्हणाली, "म्हणजे मुलगी नाहीच?"

"नाही."

"आणि ते कागद?"

"ऑपरेशनचे."

"सैन्यवाल्यांनी सांगितलं होतं ते खरं होतं?"

"खरं होतं."

सोनुन एजे दाराला धरून हळूच म्हणाल्या, "आणि मी आठ वर्षं याला हुशार समजत होते."

आपानं तिकडे लक्ष दिलं नाही. "मला कधी सांगणार होतास?"

"झाल्यावर."

"आणि झालं नसतं तर?"

आठ वर्षांत मी सगळ्या गोष्टींवर संशय घेतला होता, पण या एका प्रश्नाच्या वाटेला गेलो नव्हतो. आपानं पिठाचे हात माझ्या पाठीवर ठेवले आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत तसेच ठेवले. मेंढ्यानं एजेंच्या पायपुसण्यावर जे करायचं ते केलं, पण त्या दिवशी एजे काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आपा माझ्या आधी तयार होती. डोक्याला नवा रुमाल, सणाचा. बरोबर सोनुन एजे. ओरोझ बाइकेही निघाले. "माणसांच्या डॉक्टरांवर माझा भरवसा नाही," एवढंच कारण त्यांनी दिलं.

दवाखान्यात आपा चौदा आणि सतरा यांच्या बरोबर मधे उभी राहिली. आधी चौदाचं दार ठोठावलं, मग सतराचं. दोन्ही डॉक्टर आपापल्या दारात आले आणि एकमेकांना बघून आत वळू लागले.

"थांबा," आपा म्हणाली. ती बाजारात दही विकते, त्यामुळे तिचा आवाज दोन गल्ल्या जातो. "डॉक्टरीणबाई, तुमचा यांच्यावर विश्वास नाही. डॉक्टर, तुमचा यांच्यावर नाही. चांगलं आहे. माझाही तुम्हा दोघांवर नाही. तेव्हा तिघंही एकाच खोलीत उभे राहू. म्हणजे कुणावर नजर ठेवायला कुणाला लांब जायला नको."

रांगेतले लोक उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं "योग्य!" असं म्हटलं.

"नियमात बसत नाही," डॉक्टर मेदेत पुटपुटले.

"काय म्हणाले?" जिपारबाईंनी मला विचारलं.

"नियमात बसत नाही म्हणाले."

"त्यांना सांग, नऊ वर्षांपूर्वी पण असंच पुटपुटले होते. त्यामुळेच कुणाला काही कळलं नाही."

मेदेत लाल झाले. मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट ऐकला. "तिलेक, त्यांना सांग, मी येतोय. आणि इंजेक्शन मी स्वतः वाचणार आहे, बाटलीवरचं, अक्षर न् अक्षर."

औषध घेऊन तासभर थांबायचं होतं. तो तास आम्ही सगळे त्या अरुंद वाटेत बाकावर ओळीनं बसलो. ओरोझ बाइके मधूनच माझा ओठ उचलून बघत होते.

मग मी खुर्चीत. मेदेत माझ्या डाव्या मनगटावर बोट ठेवून, नजर सुईवर. जिपारबाई सुई घेऊन, नजर मेदेतवर. आपा दोघांच्या मधे, नजर दोघांवर. सोनुन एजेंना बाहेर ठेवलं होतं, म्हणून त्या चावीच्या भोकाशी.

"तिलेक, डॉक्टरांना विचार, एवढं औषध चालेल का?"

"आँ आँ?" मी विचारलं, कारण तोंडात आरसा होता.

"तिलेक, बाईंना सांग, याहून थोडं कमी."

"आँ."

"विचार त्यांना, किती कमी?"

आपा कडाडली, "अहो, त्याच्या तोंडात हात घालून त्याच्याच तोंडी निरोप काय पाठवता! समोर उभे आहात ना!"

जिपारबाईंनी सुई मेदेतच्या चष्म्यासमोर धरली. "इतकं?"

"इतकं," मेदेत म्हणाले. आणि थोडं थांबून, "ठीक आहे."

नऊ वर्षांनी दोघांत झालेला हा पहिला संवाद माझ्या दाढेवर झाला, याचा मला अजून अभिमान आहे. दाढ दोन हिसक्यांत आली. मनगटावरचं बोट एकदाही दचकलं नाही. बाहेर ओरोझ बाइकेंनी ती मागून घेतली, उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "घोड्याची असती तर मुळं याहून सरळ असती."

दाखल्यावर वर सही कुणी करायची यावरून अर्धा तास गेला. शेवटी दोघांनी एकाच ओळीत केली, एकमेकांत घुसलेली. आज तो कागद कुणाला दाखवला तर कुठली सही कुणाची ते सांगता येणार नाही.

मेंढा आपानं देवाच्या नावानं दिला. सगळी इमारत जेवली, आमच्यासाठी हात पसरून दुवा मागितली. बारा सप्टेंबरला मी अकरा कागद बिश्केकला दिले. खिडकीवरच्या मुलीनं नववा कागद उलटून पाहिला नाही. भोकं पाडली, दोरा ओवला, फाइल बंद. मी म्हणालो, "अहो, वाचा तरी!" ती म्हणाली, "का, काही गडबड आहे का त्यात?" आणि इतक्या संशयानं माझ्याकडे पाहिलं की मी मागच्या पावली निघालो.

ऑक्टोबरच्या शेवटी ऑपरेशन झालं. मी त्यातलं काही सांगू शकत नाही, कारण मला दहापासून उलटं मोजायला सांगितलं आणि मी सातवर होतो. डोळे उघडले तेव्हा छातीवर मधोमध पट्टी, घशात वाळू, आणि पायथ्याशी त्या मोजकं बोलणाऱ्या बाई. "दुरुस्त झाली," त्या म्हणाल्या. "तुझीच आहे. बदलली नाही."

आपाला पाचव्या दिवशी आत सोडलं. वॉर्डात आम्ही सहा जण होतो, सगळ्यांच्या छातीला पट्ट्या, सगळे हसू येईल म्हणून एकमेकांकडे बघायला घाबरणारे. हसलं की टाके ओढतात. आपाच्या हातात अहवालाचा कागद दिला होता. झडप व्यवस्थित मिटते, गळती नाही, असं त्यावर लिहिलं होतं. तिनं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि उशाशी ठेवून दिला.

"कागद कुणीही लिहितं," ती म्हणाली. मग नर्सकडे वळली. "मुली, तुझी ती नळी दे बघू."

नर्स तरुण होती, दिली. आपानं कानात घातली आणि दुसरं टोक पट्टीच्या कडेनं अलगद माझ्या छातीवर टेकवलं. ऐकलं. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"काही नाहीये," ती म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही! अरे, काय केलंत माझ्या मुलाचं?"

वॉर्डात एकदम गोंधळ उडाला. पलीकडच्या खाटेवरचा ट्रकवाला उठून बसला. मीसुद्धा, कबूल करतो, क्षणभर घाबरून मनगटावर बोट ठेवलं.

"एजे," नर्स म्हणाली, "ते उजवीकडे आहे. हृदय डावीकडे असतं."

आपानं नळी डावीकडे नेली.

आपानं डोळे मिटले. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. तिनं भुवया आवळल्या आणि नळी जरा खाली सरकवली. बराच वेळ झाला. माझी मान अवघडली.

"काय म्हणतंय, आपा?" मी विचारलं.

"गप बस," ती डोळे न उघडता म्हणाली. "ऐकू दे."